सॉसचा डबा आणि डावा हात

स्वप्ना ओसाकाला एकटी आली होती, आणि याचा तिला इतका आनंद झाला होता की सकाळपासून भूकसुद्धा आठवली नव्हती. जपानात सहा वर्षं झाली, पण हॉटेलात तोंड उघडायची वेळ तिच्यावर कधी आलीच नाही. वाक्य तिनं सुरू करायचं आणि शैलेंद्रनं पुरं करायचं, असा संसार. नवरा वाईट नव्हता हो, घाई होती त्याला. या खेपेला लेक शाळेच्या सहलीला गेली, तो टोकियोत तोयोसुच्या ऑफिसात अडकला, आणि बाईसाहेबांनी पिशवी खांद्याला लावून शिनकानसेन, म्हणजे बुलेट ट्रेन, गाठली. आपलं आपणच बोलायचं, त्याला मध्ये घ्यायचं नाही, असं स्वतःला बजावूनच ती निघाली होती.

दुपारी एका गल्लीत तळणीचा वास आला आणि पाय आपोआप वळले. लाकडी फळीला खेटून बसलेली माणसं, पलीकडे कढईपाशी मालक. बांबूच्या काडीला टोचून काय वाट्टेल ते तळत होते: कमळकाकडी, भोपळा, कांदा, कोळंबी! सॉसचा डबा मात्र सगळ्यांत मिळून एक. भिंतीवर चित्रासकट ताकीद होती, काडी एकदाच बुडवा, चावल्यावर पुन्हा नाही. स्वप्नाला हसू आलं. उष्ट्याचा नियम, आणि तो हिला शिकवताय?

कमळकाकडी तिनं डाव्या हातानं सॉसमध्ये बुडवली, मग उजव्या हातात घेऊन खाल्ली. कुरकुरीत, चटका देणारी, आत गोडसर. तिला नाचावंसं वाटलं. मग तिनं मागवण्याचा सपाटाच लावला. पण दर वेळी डावं कोपर शेजारच्या बाईंच्या बिअरला लागायचं. ही डावखुरी दिसते, असं समजून मालकांनी तिला अगत्यानं डावीकडच्या टोकाला, भिंतीशी बसवलं. तिथंही ती उजव्या हातानंच खायला लागली, तेव्हा त्यांचा चिमटा हवेतच थांबला. हात दुखतोय का, त्यांनी काळजीनं विचारलं. सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"आमच्याकडे," ती जपानीत म्हणाली, "जो हात तोंडाला लागतो..." आणि गाडी अडली. सवयीनं तिनं शेजारी पाहिलं. शेजारी भिंत होती. तेवढ्यात फोन थरथरला. शैलेंद्रच. जेवलीस का, काही अडलंय का, दे हॉटेलवाल्यांना फोन, मी सांगतो. एका मिनिटात सुटलं असतं सगळं. फोन मालकांच्या दिशेनं अर्धा पुढे गेलासुद्धा. मालक मात्र तसेच उभे होते, तळण बाजूला ठेवून, तिच्या तोंडाकडे बघत. तिच्या वाक्यासाठी असं कुणी खोळंबलं नव्हतं.

"ठेवते रे," ती शैलेंद्रला म्हणाली. "ते थांबलेत माझ्यासाठी."

मग तिनं वाक्य पुरं केलं. "...तो हात सगळ्यांच्या भांड्यात घालत नाहीत. म्हणून घ्यायला डावा." क्रियापद चुकलं, ते तिलाही कळलं. कुणी दुरुस्त केलं नाही. बिअरवाल्या बाईंनी लगेच डाव्या हातानं काडी बुडवून पाहिली आणि सॉस फळीभर सांडला. मालक हसत हसत ओसाकाच्या ठसक्यात काहीतरी भरभर बोलले. स्वप्नाच्या डोक्यात त्यातलं निम्मंही शिरलं नाही.

"पुन्हा सांगा," ती म्हणाली. "सावकाश." हे असं तिनं कुणाला पहिल्यांदाच सांगितलं होतं.

मालकांनी सावकाश सांगितलं. घरच्या सगळ्यांना घेऊन या, तुमच्यासाठी भिंतीवरच्या त्या पाटीची गरजच नाही.

"आणीन," स्वप्ना म्हणाली. "पण त्याआधी अजून एकदा मी एकटीच येणार आहे."