काळ्या फोडींची वाटी

नागभीडच्या नूर मोहम्मद खरादींची वाटी एका अखंड लाकडातून निघत नसे. संत्र्याच्या फोडी असतात ना, तसे ते लाकडाचे तुकडे कापत. एक फोड तांबूस सागाची, एक पिवळ्या हळदूची, अशा शेजारी शेजारी चिकटवून कडं करत. कड्यावर कडं चढलं, सरस वाळला, की ते सगळं खरादाच्या यंत्रावर गरगर फिरवून पटाशीनं गुळगुळीत करत. बोट फिरवलं तरी सांधा सापडायचा नाही.

नव्याण्णव साली त्यांच्या थोरल्या लेकीचं, निशातचं, लग्न सिरोंच्याला ठरलं. तिच्यासोबत द्यायच्या वाटीत त्यांना काळी नक्षी हवी होती. टेंभुर्णीचा गाभा काळा कुळकुळीत असतो, आणि तसं जुनं झाड गावातल्याच सोमाजीच्या धानाच्या शेतात, धुऱ्यावर म्हणजे बांधावर होतं.

सोमाजीच्या घरची एक रीत होती. झाड तोडायच्या आदल्या संध्याकाळी बुंध्याला कुऱ्हाड टेकवून ठेवायची. सकाळी ती उभी असली तर झाडाची ना नाही. पडली असली तर झाडाला हात लावायचा नाही.

सकाळी कुऱ्हाड पडलेली होती.

"झाड नाई म्हनते, नूरभाऊ."

"कुत्रं गेलं असन तिथून."

"कुत्र्याले काय काम तिथी?"

"बरं, झाड राहू द्या. मले एक फांदीच द्या. फांदीसाठी कोन कुऱ्हाड टेकवते?"

 फांदीचं काय करायचं, हे सोमाजीला कुणी सांगितलंच नव्हतं. नूरभाऊंनी मांडीएवढी जाड फांदी स्वतःच तोडून नेली.

उन्हाळाभर ती सावलीत वाळली. पावसाळा सरल्यावर वाटी जोडून झाली: साग, हळदू, मधे मधे काळ्या फोडी. एका दुपारी नूरभाऊंनी ती खरादावर चढवली आणि मोटर सुरू केली.

रंगीत भिंगरी फिरली की तिचे रंग एकमेकांत मिसळतात. वाटीचंही तसंच होतं. या वाटीतले साग आणि हळदू मिसळले. काळ्या फोडी मात्र जागच्या जागी राहिल्या, धुक्यात झाडं उभी असावीत तशा.

नूरभाऊ हसले. ट्यूबलाइटची ही खोडी प्रत्येक खरादीला ठाऊक असते. तिच्या उजेडात फिरती वस्तू कधी कधी थांबल्यासारखी दिसते. त्यांनी ट्यूब बंद केली, दार सताड उघडलं. ऊन थेट वाटीवर आलं.

काळ्या फोडी हलल्या नाहीत. मग त्यांच्या शेजारचा साग स्थिरावला. मग हळदू स्थिरावला. बघता बघता आख्खी वाटी स्तब्ध दिसू लागली. मोटरचा आवाजही बसत गेला. खरादाखालची फळी तेवढी पायांना थरथरत होती.

"झाली काय अब्बा?" निशात चहा घेऊन आत आली. "अम्मी म्हनते, पोरगी सासरी जाऊन म्हातारी होईन, पन यांची वाटी होनार नाई." कप ठेवून ती वाकली. "किती सुंदर झाली!"

मेंदी लागायची होती तो हात तिनं वाटीच्या काठाकडे नेला.

"निशात!"

नूरभाऊंनी तिचं मनगट धरून असं ओढलं की बांगड्या फुटल्या.

"बंदच तर हाय, अब्बा!"

त्यांनी लाकडाची एक ढलपी उचलून वाटीला टेकवली. ढलपी तडकन उडाली आणि समोरच्या भिंतीत रुतली. निशात आपल्या बोटांकडे बघत राहिली.

नूरभाऊंनी मोटर बंद केली. वाटी तशीच दिसत होती. थांबली की नाही, हे त्यांना डोळ्यांनी कळेना. पायांखालची थरथर गेल्यावरच त्यांनी तिला फडक्यात गुंडाळलं आणि त्याच दुपारी टेंभुर्णीच्या बुंध्याशी नेऊन, फडकं सोडून ठेवलं. निशात साध्या हळदूची वाटी घेऊन सासरी गेली.

महिन्याभरानं आठवडी बाजारात सोमाजी भेटला.

"वाटीचं काय?" नूरभाऊंनी विचारलं.

"हाय तिथीच. लय शांत दिसते. वारा सुटला तरी हलत नाई. वारा नसला तरी आजूबाजूचा पालापाचोळा तेवढा उडते."



"तुमचे नातू धुऱ्यावर खेळतेत का, सोमाजीभाऊ?"

"आता तिथीच असतीन. काऊन?"

नूरभाऊ पिशवी तिथंच टाकून सोमाजीच्या शेताच्या वाटेनं धावत सुटले.