केरूच्या खांद्यावरचा साहेब

बंदराचे नियम ज्या साहेबाने लिहिले, त्याने ते लिहिताना गुडघाभर पाण्यातसुद्धा पाय घातलेला नव्हता. हा आरोप आहे आणि तो तोंडावर आहे. कुठल्यातरी लांबच्या कचेरीत, झुलत्या पंख्याखाली बसून त्याने रत्नागिरीच्या समुद्राला शिस्त लावायला घेतली. समुद्राने ऐकलं नाही. हमालांना ऐकावं लागलं.

केरू गोताड हा त्यातलाच एक. आगबोट खोल पाण्यात उभी राहायची, पडाव उतारूंना घेऊन निघायचा आणि ओहोटीला तोही अलीकडेच थांबायचा. तिथून धक्क्यापर्यंतची शंभर पावलं माणसं हमालाच्या खांद्यावर बसून यायची. केरूने असे वकील आणले, नव्या नवऱ्या आणल्या, शिमग्याला येणारे गिरणीवाले आणले. एकदा एक भटजी आणले. केरूचा वारा लागू नये म्हणून त्यांनी वाटभर श्वास रोखून धरला, आणि धक्क्यावर पाय टेकताच घेरी येऊन पुन्हा केरूच्याच अंगावर पडले.

बंदराच्या मक्तेदाराचा हमालांच्या जुन्या युनियनशी करार होता. नारळी पौर्णिमेपासून मिरगापर्यंत एक हंगाम. असे वीस हंगाम सलग भरले की हमालाला मरेपर्यंत पेन्शन. करार झकास होता. फक्त आजवर एकालाही पेन्शन मिळालं नव्हतं. एकोणीस हंगाम झाले रे झाले की माणूस कशात तरी चुकलेला निघायचा. एकजण विसाव्या हंगामात मुकादमाच्या अंगावर शिंकला, तर त्याची सेवा तुटली.

म्हणून चौतीस साली राजाभाऊ वकिलांनी नवी युनियन काढली. त्यांच्या करारात आणखी एक कलम होतं : दोन मणांवरचं ओझं एकट्या हमालाने उचलायचं नाही, मग ते ओझं पोतं असो की माणूस. केरूचा दुखरा गुडघा ते कलम ऐकूनच निम्मा बरा झाला. पण त्याचा विसावा हंगाम चालू होता. युनियन बदलली तर मागचे एकोणीस हंगाम धरणार की बुडणार? हे कोणालाच ठाऊक नव्हतं. राजाभाऊ म्हणाले, "धरायलाच पाहिजेत." ‘पाहिजेत’ आणि ‘धरले’ यांच्या मधे केवढी खाडी असते ते हमालाला विचारा.

केरूची बायको येसूबाई हिने तोडगा काढला. "अवो, जुन्या युनियनला अंगठा कुठला दिलाव?"

"डावा."

"मग नव्या युनियनला उजवा द्या. उद्या काय इपरीत झालं तर सांगा, ह्यो अंगठा माजा नव्हंच."

दोन्ही डगरींवर हात ठेवणारे लोक पुष्कळ पाहिले. दोन्ही डगरींवर एकेक अंगठा ठेवणारा केरू पहिलाच. त्याने तो ठेवला, आणि वर साहेबाला तीन अर्ज धाडले : माझे हंगाम धरणार का? राजाभाऊंनीच लिहून दिले ते. तिन्हींना उत्तर नाही. उत्तराऐवजी साहेबाचा हुकूम आला : दोन युनियनांत तंटा नको, म्हणून एका युनियनच्या हमालाने उचललेल्या ओझ्याला दुसऱ्या युनियनच्या हमालाने हात लावू नये. लावील त्याला बंदर बंद.

आणि हंगामाच्या शेवटच्या आगबोटीने, तंट्याच्या आणि अर्जांच्या चौकशीसाठी म्हणून, खुद्द साहेबच आला.

पडावातून उतरायला पहिला खांदा केरूचा मिळाला. साहेब बसला. एका हाताने त्याने केरूचे केस धरले, दुसऱ्या हाताने चौकशीच्या कागदांचं बाड डोक्यावर धरलं. बूट स्वतःच्या गळ्यात बांधलेले. पडाव उरलेली माणसं आणायला माघारी गेला. केरूने पन्नास पावलं टाकली असतील नसतील, धक्क्यावरून जुन्या युनियनचा मुकादम काशीराम ओरडला, "केऱ्या! जल्ला मेल्या, उजवा अंगठा देऊन आलास व्हय? नाव खोडलं तुजं! ह्या धक्क्यावर तू ओझं उतरवायचं नाय!"

"ओझं कोणाला म्हणतोस?" साहेब वरून गरजला.

दुसऱ्या बाजूने राजाभाऊ धावत आले. "केरू, थांब! एक पाऊल पुढे टाकू नकोस! दोन मणांवरचं ओझं आहे ते! आपलाच करार आपणच मोडायचा का?"

"मी दोन मणांचा आहे. बरोब्बर दोन!" साहेब म्हणाला.

"सायेब," केरू खालून म्हणाला, "इतकी वरसं मानसं उचलतोय. तुमी अडीच मण. वर टोपी."

आगबोटीची वाट बघत धक्क्यावर जमलेले उतारू हसले. साहेबाने केरूचे केस सोडून टोपी काढून बघितली, जणू तिचंच वजन जास्त असावं.

"मग दुसरा माणूस लावा!" साहेब ओरडला.

"आमची सगळी पोरं पडावावर आहेत," राजाभाऊ म्हणाले. "काशीराम, तू दे एक माणूस."

"देतो की," काशीरामने हुकूम खिशातून काढून फडकवला. "पण सायबाचा हुकूम हाय. दुसऱ्या युनियनच्या ओझ्याला हात लावायचा नाय. खाली सही वाचतो. वाचू?"

वाचायची गरज नव्हती. सही खांद्यावर बसली होती.

भरती लागली. पाणी केरूच्या कमरेवर आलं, मग छातीला भिडलं. साहेबाचे मोजे भिजले. पाय वर घेऊन तो केरूच्या मानेवर उकिडवा बसला, आणि लांबून असं दिसू लागलं की समुद्रात एक मोठा सरकारी बगळा उभा आहे.

"मला खाली सोड, मी पोहत जातो!"

"पवायला येतं?"

साहेबाने केरूचे केस पुन्हा घट्ट धरले.

तेवढ्यात न्याहारीचं गाठोडं घेऊन आलेली येसूबाई पदर खोचून धक्क्याच्या टोकाला आली. "अवो, बघत काय ऱ्हायलात? ज्याला तीन अर्ज धाडलात तो डोक्यावर बसलाय! आता नाय इचारलंत तर कवा इचारणार?"

केरूच्या डोक्यात हे आलंच नव्हतं. डोक्यावर अडीच मण असले की डोक्यात फार काही येत नाही. पण आता आलं. इतक्या वर्षांत उतारूला त्याने एकच प्रश्न विचारला होता : "बसलाव नीट?" आज त्याने दुसरा विचारला.

"सायेब, माजे एकोणीस हंगाम धरलेत का बुडवलेत?"

"हे असं पाण्यात विचारतात का? रीतसर अर्ज कर!"

"तीन केले."

"मग ते विचाराधीन असतील."

"मी पन पान्याधीन हाय, सायेब. हनुवटीला आलं."

"आधी मला उतरव, मग सांगतो!"

"आदी सांगा, मग उतरवतो."

"सांगतो म्हटलं ना!"

"एकोणीस वरसं ह्येच ऐकतोय."

काशीरामचेही सतरा हंगाम भरले होते. हळूच हुकुमाची घडी घालून तो राजाभाऊंच्या शेजारी येऊन उभा राहिला, आणि दोन्ही युनियनांचे लोक पहिल्यांदाच एका रांगेत उभे राहून एकाच माणसाकडे बघू लागले. लाट आली. केरू चवड्यांवर उंच झाला, लाट गेली, तो पुन्हा टेकला. नेम मोडायचा नाही म्हणून तो पुढे गेला नाही, आणि साहेब बुडेल म्हणून मागेही सरला नाही.

"सायेब, अर्ज तुमच्या डोक्यावरच्या बाडात हायत. शाईचं पेन तुमच्या खिशात हाय. दोन्ही अजून सुकी हायत. पुढली लाट मोठी हाय, मला आवाजावरनं कळतं. माजे हंगाम धरले का नाय? हो लिवा, नायतर नाय लिवा, पन लिवा. बोला, सायेब. काय लिवताव?"