कमी दाबाचा पट्टा

आसेगावचा कोतवाल जगदेव वीस वर्षं सरकारी पर्जन्यमापक वाचत आला होता. पावसातलं आपल्याला कळतं, असा त्याचा समज. अर्धवट कळणं माणसाचा घात करतं, हे त्याला कोण सांगणार!

त्याची एकुलती लेक संस्कृती स्कॉलरशिपवर फिलिपिन्सला डॉक्टरकी शिकत होती. खोली नदीकाठी. पॅसिफिकात वादळ उठलं, तसं कॉलेजनं पोरींना टेकडीवरच्या शाळेत हलवलं. चार दिवस जगदेवानं मोबाईलवरचं वादळाचं लाल चक्र डोळ्यांत तेल घालून पाहिलं. वादळ किनाऱ्यावर आदळलं, डोंगरात मोडलं, वारा पडला. बातमी आली, आता तिथं फक्त कमी दाबाचं क्षेत्र उरलंय.

तेवढ्यात पोरीचा फोन. "बाबा, खोलीवर जाऊ काय? पुस्तकं तिकडंच राह्यले."

वाशिमकडं कमी दाबाच्या पट्ट्याची लोक पाहुण्यासारखी वाट पाहतात. त्याला कोण भितं?

"जाय बिनधास्त," जगदेव म्हणाला. "वादळ सरलं. आता नुसता पाऊस."

त्या नुसत्या पावसानं संध्याकाळपर्यंत नदी खोल्यांवर चढवली. पोर गेली. शवपेटी अजून मनिलातच अडकून पडली होती.

मेलेलं वादळ मात्र चालत राहिलं. बंगालच्या उपसागरात उतरून त्यानं पुन्हा जीव धरला आणि सातव्या दिवशी ते आसेगावावर बरसलं. सोयाबीनच्या शेंगा भरायच्या होत्या, गाव मनातून सुखावलं. सकाळी पर्जन्यमापकापाशी शेजारच्या देवमनानं सवयीनं विचारलं, "किती झाला गा, जगदेवभाऊ?"

"बहात्तर," जगदेव म्हणाला, आणि तिथंच चिखलात बसून ढसाढसा रडला. देवमन बिचारा ओशाळला.

सात दिवस जगदेवाची बायको पंचफुला नदीला शिव्या घालत होती आणि तो मुकाट ऐकत होता. आता त्याला सोसवेना. घरी येऊन तो म्हणाला, "नदीले काहून बोलतं? मीच म्हन्लं तिले, जाय."

पंचफुलानं मान वर केली नाही. "मालूम हाय मले. आधी तिनं मलेच फोन केला होता. मी नाई म्हन्लं. तं म्हने, बाबाले विचारतो."

जगदेव तिच्यासमोर खाली बसला.

"मी हसली तवा," पंचफुला म्हणाली. "तुमी तिले कदी नाई म्हनतच नोयते."