फोटोंच्या मधोमध

पुतणीच्या पत्राला मी उत्तर पाठवलं नव्हतं. ती परदेशात रुग्णालयात परिचारिका आहे. नवरा अजून इथेच, चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. त्याला तिकडे नेण्यासाठी लागणाऱ्या व्हिसाचे कागद दोघं जमवत होती. मी फोन उचलत नाही हे ठाऊक असल्यामुळे तिने पत्रच लिहिलं होतं.

‘काका, लग्नाच्या सगळ्या फोटोंत आमच्या दोघांच्या मध्ये तुम्ही आहात. सल्लागार म्हणतात, अधिकाऱ्याला लग्न खोटं वाटेल. तुम्ही मध्ये का बसलात आणि आम्ही खरोखर नवरा-बायको आहोत का, ते तुमच्या हाताने लिहून, सही करून पाठवा. महिनाअखेरीला अर्ज जाणार. नाकारला गेला तर पुन्हा सगळं पहिल्यापासून.’

लग्न नोंदणी कचेरीत झालं होतं. दादा गेल्यापासून घरात वडीलधारा म्हणून मीच उरलेला. कॅमेरा निघाला की कुणीतरी म्हणायचं, “काका, मध्ये बसा.” मला कुणाला नाही म्हणता येत नाही. कचेरीच्या पायरीवर मी मध्ये, जेवणाच्या टेबलाशी मध्ये, बागेतल्या बाकावरही मध्येच. लगेच ती परत नोकरीवर गेली. तिचे बाकीचे फोटो जावयाने काढलेले, त्यामुळे त्यांत तो नाहीच.

मी लिहायला बसत होतो आणि उठत होतो. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात जन्म गेला. लोकांच्या चुका काढायच्या, स्वतःचं वाक्य कधी लिहायचं नाही. शेवटी एका दुपारी वहिनीच जावयाला घेऊन आल्या. सोबत निवडायला मटारच्या शेंगा आणल्या होत्या. म्हणजे बैठक लांबणार होती.

टेबलावरचा कच्चा मसुदा त्यांनी उचलला आणि मोठ्याने वाचला. “‘माझ्या अल्प माहितीप्रमाणे सदर उभयतांचा विवाह बहुधा परस्परांच्या पसंतीने झाला असावा.’ भावोजी, बहुधा? तुम्ही लग्नाला होतात ना? दोन वेळा श्रीखंड मागून घेतलंत!”

“श्रीखंडाचं सहीनिशी लिहून देतो, वहिनी. दुसऱ्याच्या मनातलं कसं लिहू?”

“म्हणजे घडाभर तेल नमनालाच. मनातलं कोण विचारतंय तुम्हाला?”

“राहू द्या आई,” जावई म्हणाला. “काकांना त्रास नको. शेजाऱ्यांचं पत्र घेतो.”

“शेजाऱ्यांना तुझं नाव तरी माहीत आहे का?”

तेवढ्यात जावयाचा फोन वाजला. “तिची ड्यूटी संपली. काका, इथे ठेवू?” माझ्या शब्दकोशाला टेकवून त्याने फोन उभा केला. पडद्यावर पुतणी दिसली. ती “हं” म्हणाली, तो “हं” म्हणाला. मग तो शेंगा सोलायला बसला आणि ती तिकडे गणवेशाला इस्त्री करू लागली. मी खुर्ची मागे ओढली. इथे तरी मध्ये यायचं नव्हतं.

बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मला वाटलं, भांडण असावं.

“डोळ्यांत औषध घातलंस?” इस्त्रीवरून नजर न काढता तिने विचारलं.

“घातलं.”

“थापा.”

त्याने खिशातून बाटली काढली, मान मागे टाकली आणि थेंब सोडले.

“चोळू नकोस.”

डोळ्याकडे निघालेला हात त्याने खाली घेतला. तिने पाहिलं नव्हतं. ती कॉलर उलटी करून दाबत होती.

“हे असंच,” वहिनी शेंगांवरून म्हणाल्या. “बोलायचं काही नाही, पण फोन बंद करायचा नाही. माझ्या घरात बसून दोघं असा संसार करतात.”

मी नवा कागद घेतला. लिहिलं: ‘मी मुलीचा सख्खा काका. आमच्यात फोटो काढताना वडीलधाऱ्याला मध्ये बसवतात, म्हणून मी मध्ये आहे. दोघांनी एकदाही तक्रार केली नाही. आज माझ्या घरी जावई शेंगा सोलत होता आणि फोनच्या पडद्यावर पुतणी तिकडे इस्त्री करताना दिसत होती. ती फार कमी बोलली. त्याने डोळ्यांत औषध घातलेलं नाही, हे तिने इतक्या दुरून ओळखलं. हे मी स्वतः पाहिलं आहे.’ खाली सही केली.

वहिनींनी वाचलं. “बहुधा कुठे गेलं?”

“नाही लिहिलं.”

“अगंबाई!” त्या म्हणाल्या आणि त्यांनी टपालाचं पाकीट स्वतःच शोधून आणलं.

जावई सोबत येतो म्हणाला. मी एकटाच पोस्टात गेलो. खिडकीतल्या बाईंनी पाकिटाचं वजन केलं, परदेशाचं तिकीट लावलं, शिक्का मारला. मला एकदम वाटलं, ‘फार कमी बोलली’ हे वाचून अधिकाऱ्याचा भलताच समज होईल.

“बाई, जरा परत मिळेल का? एक वाक्य बघायचं होतं.”

“बंद केलंय ना आजोबा?”

“हो.”

“मग झालं तर,” म्हणत त्यांनी ते मागच्या थैलीत टाकलं आणि पुढच्या माणसाकडे हात केला.