चौसष्ट स्पीकरांची पंगत

नवीन तीन वर्षांपासून ड्रम वाजवत होता आणि गावात एकाही माणसाने तो ऐकला नव्हता.

पोराला अमळनेरच्या कॉलेजात बी.एस्सी. करायला पाठवलं, तर तो येताना डिग्रीबरोबर इलेक्ट्रॉनिक ड्रम घेऊन आला. रबराच्या चार थाळ्या, तीन झांजा, पायाखाली दाबायची एक पट्टी आणि सगळ्यांच्या वायरी पोटात घेणारी एक डबी. आवाज म्हणाल तर फक्त हेडफोनमध्ये. बाहेरच्या माणसाला नुसतं थप्‌ थप्‌ ऐकू यायचं, गोधडी झटकल्यासारखं. खताच्या खोलीत पोरगं कानाला डबे लावून बसतं, घामाघूम होतं, मान हलवतं आणि मध्येच एकटंच हसतं, ही बातमी गावभर झाली होती. लताबाईंनी, म्हणजे त्याच्या आईने, दोनदा त्याची नजर काढली. काही फरक पडला नाही.

गावाचं नवीनला काही नव्हतं. गाव काय, उद्या दुसरं काही बोलेल. त्याला एकच हवं होतं, नानांनी एकदा ऐकावं. नाना म्हणजे त्याचे वडील, जीवराम नाना. या माणसाने उभ्या जन्मात खोटं कौतुक केलेलं नव्हतं आणि खरं केलं असेल तर ते केळीचं. नवीनने त्यांच्यापुढे हेडफोन धरला होता. नानांनी तो हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि परत दिला.

"चार जनायले ऐकू येत नही ते म्या एकट्यानं ऐकून काय करू?" ते म्हणाले. "ऐकीन तं सगळ्यायसंगं ऐकीन."

यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. कारण नानांची सगळी अब्रू या एका तत्त्वावर उभी होती. सावद्यापासून रावेरपर्यंत लोक त्यांची ठिबक बघायला यायचे. त्यांच्या मळ्यात ओळीतल्या पहिल्या झाडाचा घड आणि शेवटच्या झाडाचा घड काट्यावर ठेवला तर किलोभराचाही फरक निघत नसे. मोटर सुरू केली की बाकीचे शेतकरी मोटरीपाशी उभे राहतात. नाना चालत चालत ओळीच्या टोकाला जायचे, शेवटच्या झाडाखाली उकिडवे बसायचे आणि तिथे थेंब पडेपर्यंत उठायचे नाहीत. शेवटच्याला मिळालं म्हणजे सगळ्यांना मिळालं. लग्नात जेवायलासुद्धा ते पंगतीच्या शेवटच्या पानावर बसत आणि वाढपी तिथवर पोचेपर्यंत मठ्ठा संपला तर यजमानाला दोन शब्द ऐकवत.

तर त्या वर्षी पौषात मळ्यात भरीत पार्टी करायची ठरली. नवीनने धीर करून सांगितलं, मी वाजवतो, सगळ्यांसमोर, फक्त एक स्पीकर घ्यावा लागेल. नाना तयार झाले. इतक्या सहज तयार झाले की नवीनला तेव्हाच शंका यायला हवी होती.

दोघे जळगावला गेले. सुभाषचंद शेठचं दुकान म्हणजे जमिनीपासून छतापर्यंत स्पीकर, आणि मधल्या फटीत शेठ. त्यांचा मुलगा रोनक यातला जाणता होता. नवीनने काय हवं ते कागदावर लिहूनच आणलं होतं. रोनकने कागद वाचला आणि खूष झाला. बरोबर आहे म्हणाला, गिटारचा अँप्लिफायर घेऊन चालत नाही, ड्रमच्या दणक्याने त्याचा पडदा फाटतो. वरातीतले डीजेचे खोके घेतले तर नुसतं धडाम होतं, झांज कुठे वाजली ते कळतच नाही. इलेक्ट्रॉनिक ड्रमला पायाच्या मोठ्या ड्रमचा खोल ठोका आणि झांजेची बारीक किणकिण, दोन्ही स्वच्छ देणारा बारा इंची स्पीकर लागतो. आतच अँप्लिफायर असलेला. त्याने तसा एक काढून लावला.

नानांनी तो चारी बाजूंनी पाहिला आणि ठिबकच्या तोटीबद्दल विचारावं तसं विचारलं, "हा ताशी किती सोडतो?"

रोनकला कळेना. शेठला मात्र गिऱ्हाइकाच्या कुठल्याही प्रश्नाला उत्तर द्यायची सवय. ते म्हणाले, पाचशे. नानांनी मान डोलावली आणि आता हा चालू ठेवा म्हणून ते दुकानाबाहेर पडले.

रोनकने स्पीकर चालू ठेवला. नाना रस्त्याने चालत राहिले. चहाची टपरी गेली, सोनाराची दोन दुकानं गेली, रिक्षा स्टँड गेला. पार चौकात जाऊन त्यांनी नवीनला फोन केला की अठी आवाज पार थेंब थेंब येऊन राहिला. परत येऊन ते शेठना म्हणाले की वस्तू चांगली असेल, पण पहिल्याच्या कानात पूर आणि शेवटच्याला दुष्काळ, असला एका तोंडाचा माल आपल्याला नको. आमच्याकडे चौसष्ट माणसं जेवायला आहेत. चौसष्टांना सारखा आवाज मिळाला पाहिजे.

नवीनने तिथेच कपाळाला हात लावला. रोनक मात्र प्रामाणिक पोरगा, तोंडातून निघून गेलं त्याच्या, की तसं रेल्वे स्टेशनवर असतं, एका वायरीवर लहान लहान पुष्कळ स्पीकर, सगळ्यांचा आवाज सारखा. शेठचे डोळे लकाकले. एका मंगल कार्यालयाने मागवून परत पाठवलेले असे सत्तर स्पीकर माळ्यावर धूळ खात पडले होते. आंधळा मागतो एक डोळा, तशी गत झाली. शेठनी चहा मागवला. जाताना हवा तर तो बारा इंचीही घेऊन जा, वापरून बघा म्हणून शेठ आग्रह करू लागले, तर नानांनी हात जोडले.

रोनकने नवीनला बाजूला घेतलं. "भाऊ, एक सांगतो. या लहान डब्यांतून तुझा पायाचा ड्रम येणार नाही. नुसतं टक्‌ येईल."

नवीनला फार वाईट वाटलं. पायाचा ठोका हीच तर त्याची कमाई होती. तीन वर्षं तो त्या एका ठोक्यावर घासत होता, आणि नानांनी तोच ऐकावा अशी त्याची इच्छा होती. पण नाना दुकानाच्या पायरीवर बसून एका लहान स्पीकरवरची धूळ स्वतःच्या उपरण्याने पुसत होते. ते बघून त्याने रोनककडून आपला कागद परत घेतला आणि खिशात टाकला.

पार्टीच्या आदल्या दिवशी नाना आखणीला लागले. मोकळ्या रानात दोरी लावून चार ओळी धरल्या, एकेका ओळीत सोळा पानं. दोन पानांत अंतर पाच फूट, कारण केळीत तेवढंच असतं. जुन्या ठिबकच्या नळ्यांतून वायर ओवली आणि प्रत्येक पानापाशी, उजव्या गुडघ्याजवळ येईल असा, एक स्पीकर पुरला. नानांचा मूळ बेत पाळीपाळीने आवाज सोडायचा होता, आधी पहिली ओळ पंधरा मिनिटं, मग व्हॉल्व्ह फिरवून दुसरी. तेव्हा लताबाई म्हणाल्या की मग चौथ्या ओळीने तोवर काय करायचं, वांगी मोजायची का? एवढ्यावर पाळ्या रद्द झाल्या. जोडणी करायला रोनक दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पोतून आला आणि चारही ओळी एकदा पायी फिरून आला. मग कामाला लागला.

दुपारी पाहुणे आले. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या, जाळावर बामणोदची वांगी भाजून, लाकडी भांड्यात ठेचून भरीत तयार होतं. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी, कांद्याची पात, मिरच्या. लोक पानांवर बसले. पाच पाच फुटांवर बसल्यामुळे शेजाऱ्याशी बोलायचं तर ओरडावं लागत होतं. पहिल्या ओळीतले पितांबर आबा म्हणाले की आज आपलं झाड झालं, आता फक्त घड यायचा राहिला. नाना चौथ्या ओळीच्या शेवटच्या पानावर जाऊन बसले. त्यांची पांढरी टोपी नवीनला समोरून नीट दिसत होती.

नवीनने काठ्या उचलल्या. त्याने अगदी साधा ताल धरला.

गुडघ्यागुडघ्यापाशी बारीक आवाज सुरू झाला. टक्‌, चिक्‌, टक्‌, चिक्‌. पायाचा ड्रम रोनकने सांगितल्याप्रमाणे मेला होता. आवाज इतका लहान होता की ऐकायचं तर बोलणं थांबवायला हवं, आणि यजमानाचा मान राखायचा तर ऐकायला हवं. सगळी पंगत गप्प झाली. माना उजवीकडे झुकल्या. नवीनला वाटलं, संपलं. तीन वर्षांची मेहनत आणि निघालं काय, तर भिंतीवरचं घड्याळ.

मग पितांबर आबांनी घास उचलला. टक्‌ला पानावर हात, चिक्‌ला तोंडात. त्यांच्या शेजारच्यानेही तसंच केलं. का केलं ते त्याला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. गुडघ्याशी कुणी सारखं टक्‌टक्‌ करत राहिलं तर माणूस दुसरं करणार तरी काय? पहिली ओळ लागली, मग दुसरी. दहा मिनिटांत सगळी पंगत एका तालात जेवायला लागली. हात एकदम खाली, एकदम वर. मिरची सगळ्यांनी एकाच वेळी चावली आणि हाशहुश्शही बरोबरीने केलं. वाढपी तालात वाकत होते. नवीनने लय थोडी वाढवली तसे जबडे जलद चालू लागले. उतरवली तशी मंडळी रवंथ करू लागली.

गंमत म्हणून त्याने एक ठोका सोडला आणि थांबला. सगळ्या रानात घास हवेत थांबले. कुणाचं तोंड उघडं, कुणाची भाकर अर्धी. कुणी हसलं नाही, कुणी रागावलं नाही, सगळे वाट बघत राहिले. नवीन घाबरला. त्याने घाईघाईने ताल पुन्हा धरला आणि घास तोंडात गेले. आता पंगत उठेपर्यंत थांबणं शक्य नव्हतं. थांबला असता तर लोक उपाशी राहिले असते.

त्याने चौथ्या ओळीच्या टोकाकडे पाहिलं. नानांचा हातही सगळ्यांबरोबर वर जात होता, खाली येत होता. ठोका चुकत नव्हता. नवीनच्या पोटात आनंद मावेना. त्याने पाऊण तास वाजवलं. दंड भरून आले, तरी वाजवलं. लोकांनी रोजच्यापेक्षा दोन दोन भाकरी जास्त खाल्ल्या आणि ढेकरसुद्धा समेवर दिला.

पानं उठली, माणसं पांगली. रोनक वायरी गोळा करत शेवटपर्यंत गेला आणि तिथून त्याने नवीनला हाक मारली. चौसष्टाव्या पानाजवळ वायरीचं टोक दुमडून, चपटं करून, ठिबकच्या नळीला लावतात तसल्या कडीत गच्च आवळलेलं होतं. आतली तार तुटली होती. शेवटचा स्पीकर पहिल्यापासून मुका होता.

नाना मागे येऊन उभे होते. "म्याच बांधलं सकायी, जोडनी झाल्यावर," ते म्हणाले. "ओयीचं शेवटचं तोंड बंद नही केलं तं पानी सगळं वाहून जातं."

ज्या एका माणसासाठी वाजवलं त्याच एका माणसाला काही ऐकू आलं नव्हतं. नवीनला रडू यायचं बाकी होतं. "नाना, मग तुम्ही जेवत कसे होते? तुमचा हात तर तालात चालला होता."

नानांनी थोडा विचार केला. खोटं बोलायचं नाही म्हटल्यावर माणसाला वेळ लागतोच.

"पुढं तिरेसठ हात सारखे हालून राहिले व्हते," ते म्हणाले. "पहिल्याचा जसा, तसाच माह्या बाजूच्याचा. कोनाले कमी नही, कोनाले जास्त नही. इतकं सारखं पानी मले बी कधी देता आलं नही."

एवढं बोलून त्यांनी मान फिरवली आणि उगाच एक कडी सोडवत बसले. नवीनला तिथेच जमिनीवर बसावंसं वाटलं, आणि तो बसलाही. तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं की सकाळपासून आपल्या पोटात अन्नाचा कण नाही. लताबाईंनी त्याच्यापुढे पान मांडलं, भाकर वाढली. त्याने घास मोडला, बोटांत धरला आणि तसाच धरून राहिला. हात काही केल्या वर जाईना. समोर चौसष्ट स्पीकर गप्प पडले होते.

लताबाई म्हणाल्या की आता याला काय झालं. नानांना मात्र बरोबर कळलं. ते भरिताची रिकामी बादली घेऊन आले, नवीनसमोर उकिडवे बसले आणि हातातल्या पळीने त्यांनी बादलीच्या काठावर एक ठोका दिला.

नवीनचा हात वर गेला. दुसरा ठोका यायला जरा उशीर झाला. नानांचा हात तालात कच्चा होता, कधी लवकर पडायचा, कधी राहूनच जायचा. नवीन तेवढा वेळ घास तोंडाशी धरून थांबायचा, आणि ठोका पडला की खायचा.