कल्याण की पनवेल

"पनवेलला उतरायच्या वेळी ओहोटी असली तर काय करायचं, ते अजून तुम्ही सांगितलं नाहीत," काशीबाई म्हणाल्या आणि त्यांनी आमटी वाढली.

चिंतामणरावांनी हातातला घास ताटात परत ठेवला. "ओहोटी असली तर मचवा चिखलात बसेल. आपणही बसायचं. मला काय आता कचेरी गाठायची आहे?"

"मग कल्याण बघा."

"परवा कल्याण म्हटलं, तर डास आहेत म्हणालीस."

गेले चार महिने गिरगावातल्या त्या दोन खोल्यांत दुसरा विषय नव्हता. चिंतामणराव कापसाच्या एका पेढीत हेडक्लार्क होते. एकतीस वर्षांनी सुटी झाली. पेन्शन मिळालं ते पेढीच्या मर्जीइतकं, म्हणजे अर्धंमुर्धं, आणि गिरगावचं भाडं मात्र पुरतं. तेव्हा बाहेर कुठंतरी स्वस्त गावात जाऊन राहायचं, एवढं ठरलं. कुठल्या, हे ठरवायला त्यांनी कचेरीतली सगळी शिस्त लावली. एक रविवार कल्याणचा, पुढचा पनवेलचा. गावाची खरी माहिती न्हाव्याकडे मिळते असं त्यांचं मत असल्यामुळे चार महिन्यांत दोन गावच्या न्हाव्यांनी त्यांची हनुवटी सोलून काढली होती. घरी आल्यावर वही. कल्याणात वांगी स्वस्त, पण डास. घर हवेशीर, पण मालक बोलका. पनवेलात मालक घुमा, वैद्य नामी, पण जाणंयेणं भरतीच्या लहरीवर. स्वर्ग आणि वैकुंठ यांतलं एक निवडा म्हटलं असतं, तरी या गृहस्थाने आधी दोन्हीकडची दाढी करून पाहिली असती.

आणि इतका सावध माणूस गेल्या आठवड्यात घरमालकाला महिनाअखेरची नोटीस देऊन मोकळा झाला होता. वही निकाल देणारच, मग उशीर कशाला? मालकाने दुसऱ्याच दिवशी नवं बिऱ्हाड ठरवून त्याची आगाऊ रक्कम खिशात घातली.

"तुला नक्की हवंय तरी काय?" त्यांनी विचारलं.

काशीबाईंनी पळी खाली ठेवली. "मला माझी लेक हवी, दुर्गी. सातवा महिना लागायच्या आत बाळंतपणाला माझ्या घरी आणायची. मागच्या खेपेला तिच्या सासूबाईंनी तिकडेच ठेवून घेतली. बारशाचं बोलावणं आलं, मी पाळण्याची दोरी विणली, आणि आदल्या दिवशी..." त्यांनी पदर सावरला. "या वेळी मी माझ्या हातानं करणार. आगगाडीनं दोन तासांत दारात येईल. मचव्यात नाही बसवायची मी तिला. म्हणून कल्याण."

"हे चार महिन्यांपूर्वी बोलली असतीस, तर पनवेलचा न्हावी माझ्या हातून सुटला असता."

"तुम्ही विचारलंत का? तुम्ही वांग्यांचा भाव विचारत होता."

दुसऱ्या दिवशी दोघं परळला लेकीच्या घरी गेली. जावई रमाकांत रेल्वेच्या कारखान्यात कारकून. आई बोलत असली की जमिनीकडे बघायची त्याला सवय होती. विहीणबाई जाईबाईंनी चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"कल्याण नाही जमायचं. पोटुशी बाई पाणी ओलांडून आमच्यात जात नाही."

"पण पनवेल नव्हे, कल्याण म्हणतोय मी," चिंतामणराव म्हणाले. "होडी नाही, गाडी आहे."

"आणि ठाण्याच्या खाडीवरनं गाडी जाते ती काय? पूल असला म्हणून पाणी सुकतं का?"

चिंतामणराव थोडे मागे सरकले, कल्याणहून ठाण्यापर्यंत. "बरं, ठाणं घ्या. ते खाडीच्या अलीकडेच आहे."

"शीव स्टेशनाच्या पुढं कुर्ल्याची खाडी लागते ना?"

"अहो, मग मुंबईबाहेर कुठंच जाता येणार नाही."

"मी कुठं म्हणते जा?" जाईबाईंचा आवाज खाली आला. "व्याहीबुवा, तुमचा नातू गेला तसा माझाही गेला. लोक म्हणाले, पाचव्या महिन्यात माहीमची खाडी ओलांडून लग्नाला नेलीत सुनेला. खरं-खोटं देव जाणे. पण पुन्हा नाही नेणार. मुंबईत न्या, उद्या न्या."

दाराआड दुर्गाच्या बांगड्या वाजल्या आणि थांबल्या.

परतताना चिंतामणराव पुटपुटत होते. मुंबई हे बेट आहे, हे एवढ्या वर्षांत त्यांच्या वहीत कुठंच लिहिलेलं नव्हतं. लालबागेत गिरणीच्या चाळींसमोर ते थांबले.

"इथं खोलीला काय पडत असेल?"

"इथं?" काशीबाईंनी पाहिलं. "पेढीतली माणसं काय म्हणतील?"

"पेढीतली माणसं बाळंतपण करणार आहेत का?"

चाळ सांभाळणारा विठोबा सावंत गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम होता. त्याने त्यांच्या पगडीकडे, कोटाकडे आणि मग पुन्हा पगडीकडे पाहिलं. "ह्या खोलीत तुमी ऱ्हवतलास? किती दिसांसाठी?"

चिंतामणरावांचा हात खिशातल्या वहीकडे गेला आणि रिकामाच परत आला. "ठाऊक नाही."

महिनाअखेरीला सामान आलं. आठ दिवसांनी जाईबाई दुर्गाला घेऊन परळहून चालत आल्या. त्यांना घ्यायला चिंतामणराव आणि काशीबाई गल्लीच्या तोंडाशी आले होते; मधे उघडं गटार होतं. गिरणीच्या रंगखात्याचं निळं पाणी त्यातून काठोकाठ वाहत होतं. दुर्गा थबकली, तिने सासूकडे पाहिलं आणि पलीकडे उभ्या वडिलांना विचारलं.

"बाबा, हे पाण्यात धरायचं का?"

जाईबाईंनी गटाराकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "हे पाणी नव्हे, घाण आहे. चल," त्या म्हणाल्या, पण त्यांनीही पाऊल उचललं नाही.

गिरणीची पाळी सुटली होती. घोळक्याने येणारे गिरणीकामगार बाई अवघडलेली बघून मागेच थांबले. चिंतामणरावांनी पगडी नीट केली, जोडे काढून काशीबाईंच्या हाती दिले आणि ते कोटासकट गटारात उतरले. पाणी पोटरीपर्यंत आलं, धोतरावर निळा रंग वर चढत गेला. त्यांनी खाली पाहिलं नाही. एकतीस वर्षं साहेबापुढे उभे राहत तसे ताठ उभे राहून त्यांनी लेकीला ओलांडायला खांदा पुढे केला.

"हात ठेव," ते म्हणाले. "सावकाश."