मंगळवारच्या पावतीवरचं पाणी

"सायब, आज वार कोणता हाय?"

फोनवर राजाबाई होती, मुकुंदवाडीच्या पलीकडच्या धनगरवस्तीवरची. मधुसूदनरावांनी सवयीनं संगणकाच्या कोपऱ्यात पाहिलं आणि ठणकावून सांगितलं, "मंगळवार!"

"मंगळवार तर काल झाला! आज बुधवार, आमच्या टँकरचा दिवस. साठ शेळ्या, लेकरंबाळं, समदी रस्त्याकडं बघत बसल्यात. रांजणात तांब्याभर बी पाणी नाय."

मधुसूदनरावांना सकाळी केलेली आपली करामत आठवली. शहाणपणा त्यांचाच होता. गारखेड्याच्या टँकर कार्यालयात बसून छावणीकडच्या पंपगृहातल्या संगणकात दुरूनच शिरायचं आणि टँकर मंजूर करायचे, हे त्यांचं रोजचं काम. त्या संगणकाचं सुरक्षा प्रमाणपत्र काल रात्री संपलं. सकाळी पडद्यावर पाटी झळकली: मुदत संपली, ओळख पटत नाही. संगणकाचं बघणारी उमा फोनवर म्हणाली होती, "काका, दुपारी येऊन नवं करून देते. तोवर पावत्या हातानं लिहा." पण तीस वर्षं नोकरी केलेला माणूस पोरीचं ऐकतो थोडंच! प्रमाणपत्राची मुदत अजून शिल्लक दिसावी म्हणून त्यांनी आपल्या संगणकाची तारीख गुपचूप एक दिवस मागं ओढली. पाटी गेली, दार उघडलं, स्वारी खूश. पावतीवर वस्तीचं नाव याच संगणकातल्या वारावरून पडतं, हे मात्र ते विसरले. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. यांचा टँकर भरलेला होता, पण गेला काल पाणी मिळालेल्या आवडाबाईच्या वस्तीवर.

दुष्काळात दारी आलेलं पाणी कोण परत करतं? त्यांनी घाबरत ड्रायव्हर मोतीरामला फोन लावला.

"टँकर रिकामा केलास का रे?"

"कुठलं सायब! आवडाबाई पाइपाला हात लावू देईना. म्हणती, आमचा वार काल झाला, ह्ये राजाबाईचं पाणी हाय. म्या पावती दाखवली, तर म्हणती, कागदाला काय कळतंय? आता राजाबाईकडंच निघालोय."

मधुसूदनरावांना हसू फुटलं आणि हसता हसता डोळे पुसावे लागले. तारीख त्यांनी मुकाट्यानं जागेवर आणली. पाटी पुन्हा झळकली. तिच्यासमोरच कार्बन घालून ते उरलेल्या पावत्या हातानं लिहायला बसले.

दुपारी उमानं नवं प्रमाणपत्र बसवलं. संध्याकाळी मोतीरामनं ती पावती आणून दिली. वार मंगळवार, वस्ती आवडाबाईची, आणि खाली राजाबाईचा निळा अंगठा. नियमानं ती रद्द करून नवी करायला हवी होती. मधुसूदनरावांनी ती टेबलाच्या काचेखाली सरकवली आणि घरी जायला उठले.